सेवा शुल्क गेलं, टीप यूपीआयवर गेली: वेटरचा पगार आणि टिपेचा हिशेब कसा बसवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला १६ टेबलांचं व्हेज-नॉनव्हेज फॅमिली रेस्टॉरंट, २० माणसांचा स्टाफ, रोजची विक्री सरासरी ४५ हजार. आधी बिलात ५ टक्के सेवा शुल्क लावत होतात. ते काढून टाकलं, मेनूचे दर मात्र तेच ठेवले. त्यातच बहुतेक गिऱ्हाईक आता यूपीआयने बिल भागवतं, म्हणून फोल्डरमध्ये सुट्टे राहत नाहीत. दोन महिन्यांत तीन वेटर सोडून गेले. टिपेसाठी वेगळा क्यूआर लावावा का, आणि पगार वाढवला तर टीप हॉटेलने ठेवून घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, टीप हॉटेलने ठेवू नये. गिऱ्हाईक ती तुमच्या पदार्थासाठी देत नाही, त्याचे पैसे त्याने बिलात दिलेले असतात. क्यूआर लावता येईल, पण त्याने गळती थांबेल असं मला वाटत नाही. तुमच्या वेटरचं घर आजवर पगार, सेवा शुल्कातला वाटा आणि रोख टीप या तिन्हींवर चालत होतं. त्यातल्या दोन गोष्टी वर्षभरात आटल्या आणि ड्युटी तेवढीच राहिली. त्याला शेजारच्या हॉटेलात दोन हजार जास्त मिळाले, तो गेला. म्हणून आधी पगार आणि मग टीप, या क्रमाने जाऊ.

पहिलं काम म्हणजे जुनी वाटपाची वही काढा. महिन्याच्या साडेतेरा लाखांच्या विक्रीवर ५ टक्के म्हणजे ६७,५०० रुपये. त्यातले खरोखर स्टाफच्या हातात किती जात होते? पुष्कळ ठिकाणी याच पैशातून कपबशांची तुटफूट, गणवेश, स्टाफच्या खोलीचं भाडं वळतं होतं आणि वेटरपर्यंत निम्मेच पोचतात. तुमच्याकडे काय होत होतं ते तुम्हालाच माहीत. हा आकडा खरा काढलात तरच माणसं का गेली ते कळेल.

सेवा शुल्क परत लावायचा विचार मनातून काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचं नाही, आणि ते दिलं नाही म्हणून कुणाला आत घ्यायला नकार द्यायचा नाही. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला या सूचना कायम ठेवल्या. त्यावर अपील झालं आहे. १६ टेबलांच्या हॉटेलने अपिलाच्या भरवशावर बिल छापू नये. 'कर्मचारी कल्याण निधी' अशी ओळ टाकली तरी तो त्याच सूचनेचा भंग आहे, आणि गिऱ्हाईक जागेवरून १९१५ ला फोन लावून तक्रार करू शकतं.

मग ते पैसे आणायचे कुठून? मेनूच्या दरातून. इथे मालक घाबरतात, म्हणून एक हिशेब करून दाखवतो. आधी ४०० रुपयांच्या जेवणावर २० रुपये सेवा शुल्क लागायचं आणि त्या ४२० वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे गिऱ्हाईक ४४१ देत होतं. मेनूत दर ४२० केला आणि सेवा शुल्क काढलं, तरी जीएसटी धरून ४४१ च होतात. म्हणजे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं जे देत आलं तेच देतंय. तुम्ही शुल्क काढून दर तेच ठेवलेत म्हणजे सगळ्यांना पाच टक्के सूट दिलीत, आणि ती सूट वेटरच्या खिशातून गेली.

वाढ मात्र सरसकट करू नका. चहा, तंदूर रोटी, पापड, पाण्याची बाटली, राइस प्लेट यांचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात. ते हलवलेत की 'महाग झालं' ही बोंब होते. या वस्तू विक्रीच्या चौथ्या हिश्श्याइतक्या धरल्या तर बाकीच्या पदार्थांवर साधारण पावणेसात टक्के वाढ लागते. २६० ची पनीरची भाजी २८०, ३४० ची चिकन हंडी ३६५. स्टार्टर आणि ग्रेव्हीवर ही वाढ सहज पचते. ऑनलाइन ऑर्डरचे दर कमिशनमुळे तुम्ही आधीच वेगळे ठेवले असतील तर त्यांना हात लावायची गरज नाही, मात्र त्या विक्रीचा भाग वरच्या साडेतेरा लाखांतून वजा करून हिशेब पुन्हा मांडा.

आता सावधगिरीचा भाग. दरवाढीतून ६७,५०० आले म्हणजे ६७,५०० पगार वाढला असं होत नाही. तुमची माणसं २० आहेत, म्हणजे पीएफही लागू आणि ईएसआयही (दवाखान्याची सोय देणारी कर्मचारी राज्य विमा योजना). मालकाचा वाटा पीएफचा सगळे आकार धरून १३ टक्के आणि ईएसआयचा ३.२५ टक्के. पूर्ण पगारावर पीएफ भरत असाल तर ६७,५०० भागिले १.१६२५, म्हणजे अंदाजे ५८,००० रुपये पगारात घालता येतात. दिवाळीच्या बोनसची तरतूद आणखी वेगळी. या ५८,००० ची मी अशी वाटणी करेन: सहा वेटर आणि दोन कॅप्टन (वेटरांना टेबलं वाटून देणारे) यांना प्रत्येकी ३,८००, बाकीच्या बारा जणांना प्रत्येकी २,३००. बाहेर टेबलांवर काम करणाऱ्यांचं नुकसान जास्त झालं म्हणून त्यांना जास्त. पण किचनला काहीच दिलं नाही तर पुढच्या महिन्यात तंदूरवाला जाईल, आणि तंदूरवाला मिळणं वेटर मिळण्याहून अवघड.

कॅप्टनचा पगार वाढवताना एक बघा. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. त्याचा पगार १९,००० वरून २२,८०० झाला, तर चालू सहामाही संपली की तो योजनेबाहेर जातो. घरी म्हातारे आई-वडील असतील तर त्याला तो दवाखाना हवा असतो. त्याला आधी सांगा आणि त्याच्याकडूनच निर्णय घ्या. बाहेर जाणार असेल तर हॉटेलतर्फे आरोग्य विमा काढून द्या.

इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. परमिट रूम असेल तर टिपेचं प्रमाण फारच वेगळं असतं आणि माणसं टिपेसाठीच टिकतात. सगळा स्टाफ गावातला असेल तर पगारावर जोर द्यावा लागतो. ओडिशा, नेपाळ, उत्तराखंडकडची मुलं खोलीवर राहत असतील तर जेवण-मुक्काम हा मोठा भाग असतो. पण जेवण आणि खोली देतो म्हणून पगार किमान वेतनाच्या खाली ठेवला, हे चालत नाही. किमान वेतन पैशातच द्यायचं असतं. महाराष्ट्रात ते परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गांप्रमाणे ठरतं, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. त्या दोन महिन्यांत चालू दर कामगार विभागाकडून बघून घ्यायचे, ही सवयच लावून घ्या.

परदेशात राहून आलेले काही जण मालकांना सांगतात की अमेरिकेत वेटरला मालक ताशी २.१३ डॉलर देतो, बाकी टिपेतून निघतं. तिथल्या केंद्रीय कायद्यात हे आहे खरं. तो २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही, आणि टीप धरून ७.२५ डॉलर भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तीही मुभा नाही. आपल्या कायद्यात टीप किमान वेतनातून वळती करायची सोयच नाही. वेटरला महिन्याला चार हजार टीप पडली तरी त्याचा पगार एका रुपयानेही कमी दाखवता येत नाही.

तासांचंही तसंच. सकाळी ११ ते साडेतीन आणि संध्याकाळी ७ ते साडेअकरा ही ब्रेकची पाळी नऊ तासांची होते. त्यात रात्रीची साफसफाई आणि खुर्च्या उलट्या ठेवणं धरलं तर दहा. आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलेल्या वेळेचा दुप्पट दराने ओव्हरटाइम लागतो. बहुतेक हॉटेलांत हा द्यायचा राहून जातो आणि 'टीप मिळते ना' असं उत्तर असतं. साफसफाईला आळीपाळीने दोघेच थांबवा, बाकीच्यांना शेवटचं टेबल उठलं की सोडा. पैसे न घालता वेटर टिकवायचा याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही.

कपातीबद्दल थोडं कडक लिहितो, कारण पगार देऊन तो मागच्या दाराने परत घेण्याची ही जागा आहे. गिऱ्हाईक बिल न देता निघून गेलं, केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) चुकीचा पदार्थ पडला, ग्लास फुटला, की वेटरच्या नावावर. कायद्याने नुकसानीची कपात त्या माणसाच्या निष्काळजीपणाने थेट झालेल्या नुकसानीपुरतीच, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच करता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दंडाची मर्यादा त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्के आहे आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. तुटफूट हा धंद्याचा खर्च आहे, त्यासाठी विक्रीच्या अर्धा टक्का बाजूला धरावा. बिल बुडवून जाणाऱ्यांवर नजर ठेवणं काउंटरचं काम, पाच टेबलं सांभाळणाऱ्या मुलाचं नाही. उचल दिलीत तर ती वहीत सहीनिशी लिहा आणि पगारातून हप्त्याने कापा. टिपेतून कधीच कापू नका.

आता टिपेकडे येतो. यूपीआयने टीप घ्यायचे तीन मार्ग दिसतात.

पहिला, प्रत्येक वेटरचा स्वतःचा क्यूआर. हा टाळा. 'खिडकीची टेबलं मला' अशी भांडणं लागतात, आत राबणाऱ्याला काही मिळत नाही, आणि कधी बिलाचेच पैसे चुकून वेटरच्या खात्यात जातात. मग ते परत मागताना चोरीचा आळ येतो, खरा असो वा खोटा.

दुसरा, हॉटेलच्याच क्यूआरवर बिलापेक्षा जास्त पैसे घेणं. हे तुमच्याकडे आजही होत असणार, फक्त कुणी मोजत नाही. समजा टेबल ७ चं बिल १,२४० झालं आणि गिऱ्हाइकाने १,३०० पाठवले. काउंटरवरच्या मुलाने मशीनमध्ये १,२४० टाकून टेबल मोकळं केलं, की वरचे ६० रुपये तुमच्या खात्यात पडून राहतात. वेटरने मात्र गिऱ्हाइकाला बोटाने १,३०० टाइप करताना पाहिलेलं असतं. मालक टीप खातो, ही कुजबुज इथून सुरू होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बिलिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पैसे जमा करताना टिपेचा रकाना असतो. तो चालू करून घ्या आणि काउंटरला सांगा: आले तेवढे टाकायचे, वरचे टिपेच्या रकान्यात. रात्री हिशेब बंद करताना यूपीआयची एकूण जमा वजा यूपीआयच्या बिलांची बेरीज, हा आकडा टिपेच्या रकान्याशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर बँकेच्या ॲपमध्ये वेळ बघून बिल शोधायचं. रोज केलं तर पाच-सात मिनिटांचं काम आहे, आठवड्याचं साचवलं तर होत नाही.

तिसरा, टिपेचा वेगळा क्यूआर. तुमच्यासाठी मी हा आणि दुसरा, दोन्ही एकत्र सुचवेन. हॉटेलच्या नावाने दुसरं खातं काढा, ज्यात टिपेशिवाय एक रुपया येणार नाही. क्यूआरचं छोटं कार्ड बिलाच्या फोल्डरमध्ये, बडीशेपेच्या वाटीबरोबर द्या. टेबलावर चिकटवू नका. जेवताना सतत डोळ्यासमोर टीप मागणारा कागद नको. या क्यूआरला बोलणारा स्पीकर जोडू नका. 'दहा रुपये प्राप्त झाले' असं भर हॉटेलात ओरडलं की देणाऱ्यालाही लाज वाटते आणि घेणाऱ्यालाही. आठवड्यातून एकदा एक रुपया पाठवून तपासा, कारण क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डावर टीप दिली तर मशीनचं शुल्क हॉटेलने सोसावं, त्या चार-दोन रुपयांसाठी टीप कापू नये.

हिशेबाच्या वह्यांत टीप विक्रीत दाखवू नका. 'स्टाफ टीप देणे' असं देण्याचं वेगळं खातं ठेवा: आली की जमा, वाटली की नावे, शिल्लक शून्य. स्वखुशीच्या टिपेवर जीएसटी लागत नाही, पण ती विक्रीच्या यूपीआयमध्ये मिसळून राहिली तर खात्यातली जमा आणि दाखवलेली विक्री यांचा मेळ बसत नाही आणि उत्तरं देत बसावं लागतं. आयकराचं बोलायचं तर १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की कार्डावर आलेली टीप हॉटेलने गोळा करून वाटली तरी ती मालकाने दिलेला पगार नव्हे, म्हणून पगार समजून त्यावर टीडीएस कापायची गरज नाही. कर्मचाऱ्याने ती आपल्या इतर उत्पन्नात दाखवायची. मालक त्या पैशाचा फक्त विश्वस्त असतो, या गृहीतावर तो निकाल उभा आहे. त्यातून तुम्ही गणवेश शिवलेत की ते गृहीतच राहत नाही.

वाटणीसाठी गुणांची पद्धत वापरा. कामाच्या प्रत्येक दिवसाला वेटरला १० गुण, कॅप्टनला १०, हेल्परला ६, किचनमधल्या प्रत्येकाला ५, भांडीवाल्याला ५. तुमच्याकडे दोन कॅप्टन, सहा वेटर, तीन हेल्पर, किचनची सात आणि दोन भांडीवाले धरले तर दिवसाचे १४३ गुण होतात. सुट्टी सोडून सहा दिवसांचे ८५८. आठवड्यात ८,५८० रुपये टीप जमली तर एका गुणाला १० रुपये. वेटरला ६००, हेल्परला ३६०, किचनवाल्याला आणि भांडीवाल्याला ३००. एका वेटरने दोन खाडे केले तर त्याचे २० गुण जातात, बेरीज ८३८ होते आणि गुणाचा भाव १० रुपये २४ पैसे. त्याचे पैसे इतरांत आपोआप वाटले जातात, वेगळा दंड लावावा लागत नाही.

यावर वेटर हरकत घेतील: टीप आम्हाला मिळते, किचनला का? त्यांना आकडे दाखवा. मटण वेळेत आणि गरम आलं नाही तर टीप पडतच नाही, हे त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असतं. गुण किती ठेवायचे हे मात्र त्यांच्याबरोबर बसून ठरवा. त्यावर घासाघीस होऊ द्या, एकदा ठरलं की सहा महिने बदलू नका. कॅप्टनला वेटरपेक्षा जास्त गुण नकोत, कारण टेबलं तोच वाटून देतो. मॅनेजर आणि मालक या वाटणीत नाहीत, सणासुदीलाही नाहीत.

रोख टीपही यातच घ्यावी का, यावर धंद्यात दोन मतं आहेत. टेबलं ठरावीक वेटरला दिलेली असतील तर रोख ज्याची त्याला ठेवता येते. १६ टेबलांत सगळे सगळीकडे धावतात, त्यामुळे मी रोखही एकाच डब्यात टाकायला सांगेन. नाहीतर वेटर गिऱ्हाइकाला 'साहेब, कॅश असेल तर बघा' म्हणायला लागतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. डबा काउंटरमागे, किल्ली स्टाफमधल्या एकाकडे. दर सोमवारी दुपारच्या ब्रेकमध्ये डबा सगळ्यांसमोर उघडायचा, खात्याचा उतारा फोनवर दाखवायचा, आकडा फळ्यावर लिहायचा, वाटायचा आणि वहीत सह्या घ्यायच्या. महिनाअखेरीपर्यंत थांबू नका. मधेच सोडून जाणाऱ्याचा हिशेब अडकतो आणि भांडण तिथेच होतं.

गिऱ्हाइकासाठी मेनूच्या शेवटच्या पानावर आणि फोल्डरमधल्या कार्डावर दोन ओळी पुरे: 'आमच्या बिलात सेवा शुल्क नाही. टीप ऐच्छिक आहे; ती पूर्णपणे वेटर, स्वयंपाकघर आणि भांडी विभागात वाटली जाते.' टक्केवारी सुचवू नका. आपल्याकडे सातशेच्या बिलावर वीस-तीस रुपये ठेवणारा माणूस मनापासून ठेवतो. त्याला १० टक्के छापून दाखवलेत तर तो अवघडतो आणि तेही ठेवत नाही.

सुरुवात महिन्याच्या १ तारखेपासून करा. नवे दर आणि नवे पगार एकाच दिवशी लागू झाले पाहिजेत. दर आधी वाढवून पगार 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणालात तर स्टाफ पहिल्याच आठवड्यात नवीन मेनू वाचून हिशेब मांडतो. आणि श्रावणाच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगून ठेवा की नॉनव्हेजची विक्री पडेल, सोमवारच्या डब्यात निम्मेच पैसे निघतील, पण ३,८०० आणि २,३०० ची वाढ ७ तारखेच्या आत पगारात पूर्ण येईल. त्या महिन्याचा पगार एक दिवसही उशिरा करू नका.